एक्केचाळीसला गप्प बसायचं

आमच्या ताईला अख्खा दवाखाना आवाजावरून ओळखायचा. तोंड फार कमी जणांनी बघितलेलं. ती काचेच्या मागे बसायची आणि काचेवर नेमकं तिच्या तोंडासमोर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. खालच्या भोकातून हात यायचा, हातात पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. तो घेऊन बाकावर बसायचं. मग ताई पुकारायची, "सतराऽऽ!" ज्याचा नंबर त्याने "आहे!" म्हणून उठायचं.

नाही उठला तर तीनदा पुकारायची. तरी नाही उठला तर स्वतः उठून रस्त्यापर्यंत बघून यायची. डॉक्टर वैतागायचे. "अहो बाई, पुढचा घ्या ना." ही म्हणायची, "साहेब, माणूस लघवीला गेला असेल. तेवढ्यात त्याचा आजार पळून जातो का?"

अठ्ठावीस वर्षं हे काम केलं तिने. कंत्राटावर.

मी तिचा धाकटा भाऊ. सोफे दुरुस्त करतो. शाळा सहावीपर्यंत, आणि प्रार्थनेला मास्तर मला म्हणायचे, तू नुसतं तोंड हलव. माझा गाण्याचा अनुभव एवढाच. तरी मी ब्लूजच्या बँडमध्ये होतो. कारण सांगतो. दवाखान्याच्या ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गिटार वाजवतो, कंपाउंडर ड्रम बडवतो, ताई गायची. सरावाला जागा कुठे मिळेना, शेजारीपाजारी भांडायला येत. माझ्या दुकानात सगळीकडे फोम आणि सोफे, आवाज बाहेर जातच नाही. जागा माझी, म्हणून मला बाहेर काढता येईना. असा मी कलाकार झालो.

पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरला विचारलं, "हे ब्लूज ब्लूज म्हणजे काय असतं?"

तो म्हणाला, "एक ओळ म्हणायची. मग तीच परत म्हणायची, कारण पहिल्यांदा कोणी ऐकत नाही. तिसऱ्या ओळीत काय झालं ते सांगायचं."

"म्हणजे ताई घरी बोलते तसं."

"म्हणून तर त्यांना घेतलंय," तो म्हणाला. ताईने माझ्या अंगावर मोजपट्टी फेकली.

तिचं एक गाणं होतं, तिनेच केलेलं. त्यात नुसते नंबर. ती नंबर म्हणायची, आणि मागून आम्ही म्हणायचं, "आहे!" अडतीस, आहे. एकोणचाळीस, आहे. चाळीस, आहे. एक्केचाळीसला कोणी काही म्हणायचं नाही. गिटार बंद, ड्रम बंद, चार ठोके मोजायचे. पुन्हा एक्केचाळीस. पुन्हा गप्प. तीनदा. मग बेचाळीस.

ती एक्केचाळीस खरोखरची बाई होती. खोकत बसली होती बाकावर. शेजारच्या कोणीतरी सांगितलं, फुकट उपचारांच्या यादीत तुमचं नाव नसणार, उगाच बसलाय. ती उठली आणि निघून गेली. ताईने तीनदा पुकारलं, रस्त्यापर्यंत जाऊन आली. बाकावर नुसता बिल्ला पडलेला. दहा-बारा दिवसांनी कळलं, ती गेली. ताई म्हणायची, "चौथ्यांदा पुकारलं असतं तर?" मी म्हणायचो, "अगं, ती घरी पोचली होती तोवर." ती म्हणायची, "तरी पण."

आता माझं काम काय होतं? नंबर आला की "आहे" म्हणायचं आणि एका नंबरला तोंड बंद ठेवायचं. एवढंच. पण पालथ्या घड्यावर पाणी! चाळीसला आहे म्हटलं की माझं तोंड चालू होऊन जायचं, आणि एक्केचाळीसला मी दरवेळी, अगदी छाती फुगवून, "आहे!"

"अरे गाढवा," ताई ओरडायची, "ती गेली! गेलेली बाई 'आहे' कशी म्हणेल?"

"मला वाटलं परत आली असेल."

कंपाउंडर म्हणायचा, "याच्यामुळे आपल्या गाण्यात कोणी मरतच नाही."

कार्यक्रम ताईनेच ठरवलेला. सगळ्यांना उपचार मिळावेत, यादीबिदी नको, जो आजारी त्याला आत घ्या, असा कायदा व्हावा म्हणून मोहीम चालली होती. त्यासाठी गाणी म्हणायची, लोकांच्या सह्या घ्यायच्या, जे पैसे जमतील ते मोहिमेला द्यायचे. जागा दवाखान्याचीच, बाहेरचा हॉल. रविवारी बंद असतो, बाकं आयती.

तेवढ्यात तिचं पोट दुखायला लागलं. मला म्हणाली, तर मी म्हटलं, "ॲसिडिटी असेल, थंड दूध पी." सोफा उघडून बघितल्याशिवाय स्प्रिंग गेलीय की फोम, हे मी गिऱ्हाईकाला कधी सांगत नाही. पण बहिणीचं पोट न बघताच सांगून मोकळा झालो. ती चार महिने थंड दूध प्यायली. माझ्यावर विश्वास ठेवणारी जगात ती एकटीच होती, आणि बघा.

मग आमच्या डॉक्टरांनी मोठ्या हॉस्पिटलात तपासणीला पाठवलं. तिथे कळलं, कंत्राटी लोक यादीत नाहीत. वेगळ्या रांगेत नाव घातलं. डॉक्टर म्हणाले, मी ओळखीने मध्ये घुसवतो. ही म्हणाली, "साहेब, अठ्ठावीस वर्षं मी कोणाला मध्ये घुसू दिलं नाही. लागेल माझा नंबर."

लागला. ती जाऊन नऊ दिवस झाले होते. हॉस्पिटलातून मला फोन आला, "पेशंटला उद्या सकाळी आठ वाजता उपाशीपोटी घेऊन या." आणि मी म्हणालो, "हो, आणतो." फोन ठेवल्यावर लक्षात आलं काय बोललो ते. माझं तोंड असं आहे.

जायच्या आधी तिने मला जवळ बोलावलं होतं. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगणार. म्हणाली, "कार्यक्रम रद्द करू नका. माझी पोरगी गाईल. आणि तू, बाबा, एक्केचाळीसला गप्प बस. आयुष्यात एकदा माझ्यासाठी एवढं कर."

म्हटलं, "शब्द दिला."

"तू शब्द नकोच देऊस," ती म्हणाली. "गप्प बस."

कार्यक्रमाच्या रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. रोजचेच पेशंट, रोजच्याच बाकांवर. पुढच्या बाकावर सुतारकाका. कानाने अधू, दर आठवड्याला ब्लडप्रेशरला येतात. गाणी ऐकायला आले तेही फाईल घेऊनच.

भाची काचेपुढे उभी राहिली. तिचा आवाज म्हणजे हुबेहूब ताई. माझं तोंड आपोआप उघडायला लागलं. पण मी तयारीने आलो होतो. आमच्या धंद्यात काम करताना बारीक खिळे तोंडात धरतात. खिळे तोंडात असले की माणूस बोलत नाही, बोलला तर गिळतो. मी चार खिळे मुठीत ठेवले होते.

"चाळीसऽऽ!"

"आहे!" म्हणालो आणि खिळे तोंडात टाकले.

"एक्केचाळीसऽऽ!"

गिटार बंद. ड्रम बंद. मी बंद. चार ठोके गेले. ड्रायव्हरने वळून माझ्याकडे बघितलं, त्याला खरंच वाटेना.

"एक्केचाळीसऽऽ!"

गप्प. ताई, शप्पथ, गप्प. डोळ्यांतून पाणी, तोंडात लोखंड, पण गप्प.

"एक्केचाळीसऽऽ!"

तेवढ्यात सुतारकाका मागे वळले. "अहो, कोण आहे एक्केचाळीस? उठा की! बाई आता रस्त्यावर जातील बघायला!"

शेजारची बाई त्यांच्या कानात म्हणाली, "काका, गाणं आहे ते."

"गाणं असू दे. नंबर जातोय कोणाचा तरी." कोणीच उठत नाही म्हणून काका स्वतःच काठी टेकत उठले, फाईल वर धरली. "आहे! मी आहे! चला!"

कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून एक बाई उठली, "आहे." मग दाराजवळचा एक जण. मग किती ते मला दिसेना, डोळे भरलेले.

कंपाउंडर पुटपुटला, "याने खिळे खाल्ले तरी गाण्यात कोणी मरेना."

आता भाचीने बेचाळीस म्हणायला हवं होतं. ती थांबली. सगळ्या उभ्या लोकांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तिने पुकारलं, चौथ्यांदा, "एक्केचाळीसऽऽ!"

चौथं गाण्यात नव्हतंच. मी खिळे थुंकले आणि ओरडलो, "आहे!"

ताई, तीन वेळा मी गप्प होतो, सगळे साक्षीला आहेत. चौथ्याचं तू काही सांगितलं नव्हतंस.

सह्या भरपूर झाल्या. खिळे तीनच सापडले. चौथा मी गिळलेला नाही, डॉक्टरांनी बघितलंय, नंबर लावून. तेव्हा पुढच्या बाकावर बसणाऱ्यांनी कृपा करून जरा बघून बसावं.