वेलाला नवरदेव हवा

त्या वर्षी श्रावणात कानबाई देवीचे रोट, म्हणजे कुळाचं प्रसादाचं जेवण, आमच्या घरी होते. सगळे भाऊबंद पारोळ्याजवळच्या आमच्या गावी जेवायला येणार, आणि नैवेद्याला गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी लागतेच. ते फळ घरच्याच वेलाचं असेल, असं आईने देवीला कबूल केलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी धुळ्याला शेतकी शिकत होतो. रोप लहान असताना इथेफॉन फवारलं की वेलात इथिलीन वाढतं आणि मादी फुलं जास्त येतात, हे नुकतंच वर्गात ऐकलेलं. मादी फुलं जास्त म्हणजे फळं जास्त! वर्गात सांगितल्याप्रमाणे मी आमच्या वेलावर दोनदा फवारलं. मग हाव सुटली. आईला न सांगता आणखी दोनदा फवारलं.

आषाढात वेल गोठ्यावर चढून फुलांनी पिवळाधमक झाला. प्रत्येक फुलामागे चिमुकलं गोल फळ. मी गोठ्याभोवती अक्षरशः नाचलो. पण चार दिवसांत ती फळं टपाटप गळू लागली. वेलावर नर फूल एकही नव्हतं.

आई शिडीवर चढून म्हणाली, "अरे, बठ्ठ्या पोरीच शेतस! नवरदेव कोठे शे?"

मी सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घातली. तर शिडी हलू लागली. आई हसत होती.

शेजारच्या अक्काच्या वेलावर मी फवारलं नव्हतं. पहाटे फुलं उमलताच मी तिच्याकडे नर फुलं मागायला गेलो.

"हुंडा काय देशी, भाऊ?" अक्काने विचारलं, तेही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

ओंजळीत फुलं घेऊन मी पळत सुटलो. मागून बाया लग्नाची गाणी म्हणत होत्या. आईने नर फुलाच्या पाकळ्या काढून मधला दांडा मादी फुलांत हळूच फिरवला. पराग पडला की फळात ऑक्झिन तयार होतं आणि फळ देठ सोडत नाही, असं मी खालून समजावत होतो.

"बोलू नको, शिडी धर!"

दोन फळं टिकली. एक तर डोळ्यांदेखत फुगलं.

रोटाच्या दिवशी पातेलंभर भाजी झाली. चुलतकाकांनी विचारलं, "वहिनी, एवढं मोठं कसं काय?"

"मना पोऱ्या कॉलेजमा शिकस ना!" आई म्हणाली.

खरं सांगेल अशी अक्का पंगतीत नव्हती. रोट भाऊबंदांबाहेर देत नाहीत. लाजेने माझे कान तापले. सांगायला तोंड उघडलं, तर हसूच फुटलं आणि जोराचा ठसका लागला. काका पाठीवर थापा मारत म्हणाले, "शाबास!"