आनंदीमावशीचं गाऱ्हाणं

हे माझ्या बायकोलाही कधी कळलं नाही. ती गेली — आता तुम्हाला सांगतो. थकलोय हो मी, हे पोटात ठेवून.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी फणसवाडीतला, कचेरीत कारकून. संध्याकाळी डिलाईल रोडच्या चाळींत सभांची पत्रकं वाटायचो. इंग्रजी येतं म्हटल्यावर तिथली कोकणातली माणसं मला इस्पितळात सोबत न्यायला लागली. मोठा डॉक्टर इंग्रजीच बोलायचा, त्याच्यापुढे यांची दातखीळ बसायची. कोकणात देवळात गाऱ्हाणं घालतात ना, सगळ्यांच्या वतीनं एकजण देवाशी बोलतो, बाकीचे दर वाक्याला "होय म्हाराजा" म्हणतात — तसं माझं. "गाऱ्हाणा घालूक ह्येका घेवन जावा," म्हणायचे, आणि वर चेष्टेनं, "होय म्हाराजा!" मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू?

त्याच चाळीतली आनंदीमावशी गिरणीत कामाला होती. तिला इस्पितळात नेलं, तेव्हा डॉक्टरच्या खोलीबाहेर तिनं मला बाजूला ओढलं. "झिला, अंगावरसून जाता." पाळी जाऊन वर्षं लोटली होती, आणि रक्त जात होतं. सुनेलाही बोलली नव्हती. मला सांगितलं — कारण आत मी बोलणार होतो.

आत डॉक्टर, बाजूला शिकाऊ पोरं, एक नर्स. काय होतंय, डॉक्टरनं विचारलं. आणि माझी जीभच रेटेना. मराठी राज्यासाठी चौकात घसा बसेपर्यंत ओरडणारा मी! बाईमाणसाचं असलं काहीतरी, चारचौघांत — माझ्या तोंडून? मी म्हणालो, "वीकनेस." एवढंच. त्यानं टॉनिक लिहून दिलं. मावशीनं डोळ्यांनीच विचारलं, सांगितलंस? मी हो म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी एकट्यानं जाऊन सांगता आलं नसतं का? आलं असतं. उद्या जाऊ, उद्या जाऊ — असं करत राहिलो. टॉनिकच्या बाटल्या मात्र मीच नेऊन द्यायचो. ती नेमानं घ्यायची, बिचारी.

मग एक दिवस ती कामावरच कोसळली. गर्भाशयातली गाठ पसरली होती, करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वॉर्डात डॉक्टर माझ्यावर इंग्रजीत डाफरला — इतके महिने रक्त जातंय, ही आधी बोलली का नाही?

"काय म्हणतत?" मावशीनं विचारलं.

"विश्रांती घे म्हणतात," मी म्हणालो. हे दुसरं खोटं. पहिल्याला लाज तरी होती, याला नुसती भीती.

तिनं माझा हात धरला. तिचा हात गार पडला होता. "गाऱ्हाणा बरा घातलंस रे, झिला. डागदराक सगळा कळला. माजाच नशीब फुटका."

खाटेभोवती मुलगा, सून, चाळीतली माणसं. सगळी माझ्याकडे कौतुकानं बघत होती.

मी म्हणालो, "होय."