वरचा, खालचा आणि दोन्ही

सोमवारी दुकानाचं शटर उघडत होतो, तेवढ्यात वहिनींचा फोन आला. "भाऊ, हे उठून नाई राह्यले जी..." धावत गेलो, पण प्रल्हाद झोपेतच गेला होता. मेंदूचा झटका, डॉक्टर म्हणाले. घर माणसांनी भरलेलं आणि माझ्या डोक्यात मात्र आदल्या दुपारचा पत्त्यांचा डाव फिरत होता. महिना होत आला, अजून तोच फिरतोय.

प्रल्हाद माझा शाळेपासूनचा मित्र. बल्लारपूरच्या पेपर मिलमधून तो निवृत्त झाला आणि दर रविवारी माझ्या मेडिकल दुकानामागच्या खोलीत आम्हा चौघांचा अड्डा जमू लागला. पैसे नाही, चिंचोके लावायचे. रमीचा कंटाळा आला तेव्हा हा नवा खेळ त्यानंच आणला, सिरोंच्याच्या एका दोस्ताकडून शिकून. पोकरचाच प्रकार, पण मधला ढीग एकट्याचा नाही. अर्धा सगळ्यात भारी पानांना, अर्धा सगळ्यात हलक्या पानांना. पाच पानं वाटायची, नको ती एकदा बदलायची, चिंचोके लावत जायचे आणि शेवटी कुणी तोंड उघडायचं नाही. टेबलाखाली हात न्यायचा, मूठ वर आणायची. रिकामी मूठ म्हणजे खालचा अर्धा मागतो, एक चिंचोका म्हणजे वरचा, दोन म्हणजे दोन्ही. मुठी सगळ्यांनी एकदम उघडायच्या. दोन्ही मागितले आणि एकीकडे जरी हरलं, तर हाती भोपळा. "भिकारड्या पानालेही इज्जत आहे ना बे याच्यात!" प्रल्हाद म्हणायचा. तो बहुतेक खालचाच मागायचा आणि मिळाला की असा आरडाओरडा करायचा की गिऱ्हाईक आत डोकावून जायचं.

नियमांचा ठेकेदार मी. कुणी नेमलं नव्हतं, पण आयुष्यभर औषधांच्या तारखा तपासून स्वभावच तसा झालाय. मूठ आधी उघडली तर डाव बाद, हा नियमही माझाच.

त्या रविवारी ढीग चांगलाच वाढला होता. प्रल्हादची मूठ टेबलावर आली आणि आमच्या मुठी वर यायच्या आधीच तिच्यातून दोन चिंचोके घरंगळले.

"मूठ उघडली. तुझा डाव बाद."

"अबे, हात वळून नाई राह्यला माझा..." तो उजवा हात चोळत म्हणाला.

"रडीचा डाव नको खेळू, पल्ल्या."

तो हसला. ते हसू कसं होतं, हे आठवायचं मी टाळतो. पानं पालथी टाकून तो उठला, दारात बराच वेळ पायानं चप्पल चाचपली आणि घरी गेला.

त्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या माझ्याच काउंटरवरून जायच्या. लकव्याची लक्षणं सांगणारा फलक माझ्याच दुकानात आहे, येणाऱ्याजाणाऱ्यांना मीच तो वाचून दाखवतो. आणि समोर मित्राचा हात लुळा पडत असताना मला दिसला तो फक्त मोडलेला नियम. तो गेल्यावर मी त्याची पानं उलटून पाहिली. एक्का, दुर्री, तिर्री, चव्वी, पंजी... ओळीनं आलेली म्हणून वर जिंकणारी आणि एक्का एकच धरला की लहानात लहान म्हणून खालीही. आमच्यापैकी कुणाकडे साध्या जोडीपलीकडे काही नव्हतं. "काय होतं बे त्याच्याकडं?" बाकीच्या दोघांनी विचारलं. "काई नाई," म्हणालो आणि पत्ते पिसले. अर्धा ढीगही माझ्याकडे ओढला. लाज वाटते हे लिहिताना.

परवा वहिनींकडे गेलो. त्यांनी मला त्याच्याच खुर्चीत बसवलं. चहा गाळता गाळता म्हणाल्या, "त्या दिवशी जेवताना घास सुटत होता जी त्याइच्या हातातून. मी म्हटलं, भाऊले फोन लावतो. तर म्हणे, नको, त्याले वाटन मी अजून रडूनच राह्यलो." त्या थोडं हसल्याही.

"अन् सारखं सांगत होते, आज माझ्याकडं दोन्ही होतं म्हणून. खरंच होतं काय भाऊ?"

"होतं, वहिनी."

"मंग?"

नियम होता, असं सांगणार होतो. त्यांनी कप पुढे केला. मी उजव्या हातानं तो घेतला. बोटं कपाभोवती अगदी नीट वळली.