एकडोळ्याचे तीन तुकडे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे मला थांबवू नका. फजिती माझी आहे, मीच सांगणार!

लग्न होऊन माण तालुक्यात सासरी आले, त्या वर्षी जत्रेत तंबूत भुताचा सिनेमा लागला. मी आणि माझी थोरली जाऊ हौसाक्का एकाच घोंगड्यात बसलो. पडद्यावर तो एकडोळ्या कोयता घेऊन आला मात्र, मी जी घोंगड्यात शिरले ती खेळ सुटल्यावरच बाहेर! लोकरीचा वास आणि हौसाक्कानं घट्ट धरलेला माझा हात, एवढाच मी पाहिलेला सिनेमा.

घरी जाताना हौसाक्कानं सगळी गोष्ट सांगितली. शेवटी म्हणे एकडोळ्याचे तीन तुकडे करून विहिरीत टाकतात. पुढं आम्ही माधवनगरला आलो आणि तीस वर्षं तीच गोष्ट मी सांगत सुटले. "अख्ख्या तंबूत पापणी न हललेली बाई एकच, मी!"

आणि परवा त्याचा दुसरा भाग आला की हो! पहिला कुठं मोबाईलवरही मिळेना. सून प्रणाली म्हणाली, "आई, तुम्ही चलाच. पहिला बघितलेलं घरात दुसरं आहे कोण?"

नाही कशी म्हणू? तीस वर्षांची अब्रू!

पेपरात कुणी नाकं मुरडली होती, कुणी डोक्यावर घेतला होता. थेटरात जाऊन बघते तर रक्ताचे पाट, आतडी लोंबतायत! पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण डोळे उघडे ठेवले. शेजारी सून होती ना! तेवढ्यात दार उघडून आला कोण? एकडोळ्या! अख्खा!

मी उभीच राहिले. "आवं, ह्यो कसा आला? ह्याचं तीन तुकडं झाल्यात! हिरीत टाकलाय ह्याला!"

मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, भुताचा सिनेमा आहे. बसा खाली."

"भूत झाला तर झाला, पर तुकडं कुनी शिवलं?"

खेळ सुटल्यावर बाहेर एक पोरगी मोबाईल रोखून उभी. "मावशी, किती स्टार?"

"एक बी न्हाई! आदी पयला भाग नीट बगा म्हनावं, मग दुसरा काडा!"

दोन दिवसांत माझं ते बोलणं सगळ्या मोबाईलवर. खाली लोकांनी लिहिलं, 'ही खरी समीक्षा! पेपरवाल्यांनी मावशींकडं शिकवणी लावावी.' प्रणाली मोठ्यानं वाचत होती, मी मान ताठ करून ऐकत होते.

तेवढ्यात माणाहून हौसाक्काचा फोन. प्रणालीनं स्पीकर लावला.

"आगं बया, काय बोल्लीस गं! पर तू कवा बगितलास शिनिमा? घोंगड्यात हुतीस की!"

प्रणाली माझ्याकडं बघायला लागली.

"आवं आक्का, तुमीच सांगितलं न्हवं, तीन तुकडं?"

"मी तरी कुटं बगितलं? मी बी आतच हुते! तीनदा खच्च आवाज आला, म्हनून तीन."

"आन् हीर?"

"धबाक्कन पानी पडलं. चावाल्यानं बशा धुऊन वतलं आसंल!"

आणि खोकला लागेपर्यंत हसली. म्हणजे तो घट्ट धरलेला हात! इतकी वर्षं मला वाटायचं, आक्का मला धीर देत होती.

आता तिसरा भाग येतोय म्हणे. हौसाक्काला सांगितलंय, येताना घोंगडं आणा. आणि प्रणालीला बजावलंय, "ह्या खेपेला डोळे तू उघडे ठेव. गोष्ट आम्ही सांगू."