रोबोला न शिकवलेला नमस्कार

मार्चमधला दुसरा सोमवार, सकाळचे साडेनऊ. हजर: कारखान्याचे मॅनेजर साहेब, रोबो पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, आमचे जुने पेंटर आणि उत्पादनाचं नियोजन बघणारी मी. दुसरा पेंटर रजेवर. रोबोही हजर होता, पण प्लास्टिकच्या आवरणात.

अशी नोंद करायची मला सवय आहे. नारायण पेठेतून मांजरीच्या कारखान्यात स्कूटरवर येताना सिग्नलला थांबले की दिवसाची कामं डोक्यात क्रमानं लागतात. त्या सोमवारपर्यंत तयारीची बहुतेक कामं उरकली होती. पेट्या टांगायच्या आकड्यांवर रंगाचे थर चढून ते बोटाएवढे जाड झाले होते, ते सगळे बदलले. पेटी वाकडी लटकली तर माणूस बघून हात वळवतो, रोबो वळवत नाही. रंग किती पातळ करायचा, हवेचा दाब किती ठेवायचा, रंग फवारायच्या बूथमधल्या जाळ्या कधी बदलायच्या, हे सगळं एकदाचं ठरवलं. प्रत्येक कामाच्या शेवटी कोणीतरी विचारायचंच, काम रोबो करणार ना, मग दमतोय आपण का? मीही दमलेच होते.

आम्ही विजेच्या पॅनेलच्या लोखंडी पेट्या रंगवतो. रोबोला शिकवायचं म्हणजे त्याच्या हाताला जोडलेली मूठ धरून पेंटरनं नेहमीसारखा फवारा मारायचा. यंत्र ती हालचाल लक्षात ठेवतं आणि पुढे तशीच करत राहतं.

शिकवणार होते जुने पेंटर. विश्रांतवाडीहून येतात, सकाळी "जय भीम, मॅडम" म्हणतात आणि थेट बूथमध्ये शिरतात. पन्नाशी उलटली आहे, जीभ तिखट आहे. रोबो यावा असं सगळ्या कारखान्यात मनापासून कोणाला वाटत असेल तर त्यांना. छातीच्या डॉक्टरांनी त्यांना फवाऱ्यापासून लांब राहायला सांगितलं होतं. काचेबाहेर उभं राहून रोबोवर लक्ष ठेवायची जागा त्यांनाच द्यायची, हे मी साहेबांकडून कबूल करून घेतलं होतं.

"चला, लवकर शिकवू ह्याला," ते इंजिनिअरला म्हणाले. "मग मी बाहेर खुर्ची टाकून नुसत्या चुका काढणार. मॅडमसारखा."

शिकवणी सुरेख झाली. इंजिनिअरनं कॅमेऱ्यावर सगळं टिपून घेतलं. दुपारी रोबोनं स्वतः पेट्या रंगवल्या. बाहेरून तुकतुकीत, पण झाकण उघडलं तर आतल्या चारही कोपऱ्यांत लोखंड दिसत होतं. परत चालवून पाहिलं, परत तेच.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. हे मुद्दाम केलेलं आहे, ते म्हणाले. आपली जागा आपल्याच हातानं कोण देतं? दुसरा पेंटर रजेवरून आला की तो शिकवेल आणि ह्यांना माल चढवायला पाठवा. लोखंडी पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या, आणि त्या छातीनं.

कोपरे का राहिले ते मला पाहताक्षणी कळलं होतं. खरं तर साहेबांनाही कळायला हवं होतं. ज्या कंपनीसाठी आम्ही पेट्या रंगवतो तिची सूचना बूथच्या दारावर लावलेली आहे: फवाऱ्याचा एकच हात, दुसरा मारायचा नाही, ओघळ येतात. एका हातात आतले कोपरे भरत नाहीत. म्हणून आमचे पेंटर पेटी पुढे सरकता सरकता कमरेत वाकून कोपऱ्यांत फवाऱ्याचा आणखी एक झटका देतात. बूथमध्ये त्याला नमस्कार म्हणतात. त्या कंपनीचा माणूस तपासणीला आला की नमस्कार बंद. दिवसभर दारावरच्या सूचनेसारखं काम करायचं, आणि तो गेला की कोपरे भरायला त्या पेट्या परत टांगायच्या. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

मी जुन्या पेंटरना बोलावलं आणि साहेबांसमोरच विचारलं, नमस्कार का नाही केला?

"कॅमेरा लावला होता ना, मॅडम," ते म्हणाले. मग साहेबांकडे वळले. "कोणी बघत असलं की दारावर लिहिलंय तसंच करायचं, हे साहेब तुम्हीच शिकवलंत. मी तसंच केलं. आता तोही तसंच करतोय. ऑडिटला बोलवा त्याला, एकदम पास होईल."

इंजिनिअर हसला. अर्ध्या दिवसाचं काम आहे, परत शिकवू, असं त्याचं म्हणणं. साहेब हसले नाहीत. माणसाच्या नमस्काराची नोंद कुठे राहत नव्हती. रोबोची प्रत्येक हालचाल मात्र नोंदली जाते, आणि ती नोंद चाचणीच्या अहवालाबरोबर पेट्यांच्या कंपनीकडे जाणार. त्यांच्या मंजुरीशिवाय दुसरा हात नाही, असं साहेबांनी सांगितलं. माल चढवण्याचा विषय मात्र त्यांनी पुन्हा काढला नाही. तेवढं पदरात पडलं.

मंजुरीचा मेल मी लिहिला. इतकी वर्षं आम्ही हेच करतोय, असं एक वाक्य मी घातलं होतं. साहेबांनी ते काढून 'सुधारणा सुचवीत आहोत' असं करायला लावलं. उत्तर चार ओळींचं आलं. शेवटचा प्रश्न होता: आजवरच्या पेट्या एका हातात पास झाल्या आहेत, मग आताच दुसऱ्याची गरज का?

तेव्हापासून रोबो परत आवरणात आहे. जुने पेंटर नवीन मास्क लावून बूथमध्ये जातात आणि कोपऱ्यांशी वाकतात. बाहेर आले की भिंतीला टेकून श्वास घेतात. माझ्या टेबलापुढून जाताना रोज विचारतात, "आलं का हो काही?" मी म्हणते, अजून नाही. येणार कुठून? उत्तर मला द्यायचं आहे. साहेब म्हणतात, काहीतरी गोलमोल लिहून टाका. गोलमोल लिहिलं तर मंजुरी मिळणार नाही. खरं लिहिलं तर आधीच्या सगळ्या तपासण्यांचं काय, असा प्रश्न येईल, आणि तपासणीच्या कागदांवर पेंटर म्हणून सही जुन्या पेंटरांची आहे.

यादीतल्या बाकी सगळ्या कामांवर खूण झाली आहे. मेल उघडून ठेवला आहे, 'आपल्या प्रश्नाबाबत' एवढंच लिहून झालं आहे.