लवू घाडीची छाती आणि सरकारचा धूर

लवू घाडी जिना चढू लागला की लालबागच्या त्या चाळीत तळापासून तिसऱ्या माळ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. आधी चपलेची फटफट, मग एक लांब 'ह्हूंऽऽ', मग कठडा धरून थांबणं, आणि मग खोकला. तोही असा की धागा तुटलेला गिरणीतला साचा उगाच खडखडत राहावा. चाळीतली पोरं त्याची हुबेहूब नक्कल करायची. लवूला ती ऐकू यायची. पण हसायला दम लागतो, आणि रागवायला त्याहून जास्त.

तरी या खोकल्याला चाळीत मान होता. तो साधासुधा खोकला नव्हता, सरकारी होता!

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली तेव्हा पोलिसांनी गल्लीच्या तोंडाशी अश्रुधुराची नळकांडी फोडली. लवू तिथे होता. डोळे चोळत घरी आला, तोंड धुतलं आणि बांगड्याचं तिखलं चापून जेवला. पुढे हरताळ चालला तोवर गिरणी बंद आणि लवू खणखणीत. घोषणा द्यायला सगळ्यांच्या पुढे. मग गिरणी सुरू झाली. लवू कार्डिंग खात्यातला, म्हणजे कच्चा कापूस विंचरतात तिथला. त्या खात्यात हवेत इतकी तुसं उडतात की समोरचा माणूस पिठात लोळल्यासारखा दिसतो. पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत लवूच्या छातीवर कुणीतरी पाटा आणून ठेवला.

चाळीच्या कमिटीचा पुढारी कुशाबा. साताऱ्याकडचा गडी, घसा असा की भोंग्याने लाजावं. त्याने गॅलरीतूनच निदान जाहीर केलं. "आरं, ग्यास हाय त्यो! सरकारचा ग्यास! लवूच्या छातीत दबा धरून बसलाय!"

लवूला हे निदान आवडलं. तसं कारणही होतं. त्याची बायको रखमा खोलीतच खानावळ चालवायची. गावचे एकटे राहणारे बाप्ये दोन वेळा तिच्याकडे जेवत. 'क्षय' हा शब्द चाळीत नुसता कुजबुजला गेला असता, तरी दुसऱ्या दिवशी एकही पाट भरला नसता. त्यापेक्षा ग्यास परवडला. मग लवूच्या छातीला कांदे बांधले गेले, गूळ चारला गेला, आणि कुशाबा परळ-दादरहून माणसं आणून दाखवू लागला. "ह्यो बघा! हात लावून बघा! आत घरघरतंय न्हवं? ते सरकार हाय!"

पण सरकार काही बाहेर निघेना. लवूची पाठ वाकली. खांदे कानापाशी आले. रात्री तो भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपू लागला. शेवटी रखमाने त्याला गिरगावातल्या डॉक्टरांकडे नेलं. कुशाबा न बोलावता बरोबर आला.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढवला, थुंकी तपासवली. पुढल्या खेपेला फोटो उजेडाला धरून म्हणाले, "क्षय नाही, बरं का."

लवूने डोळे मिटले. रखमाने पदराने तोंड पुसलं.

"त्रास कधी जास्त होतो?"

"मोर्च्यापास्नं!" कुशाबा म्हणाला.

"अहो, मी यांना विचारतोय."

"रोजच, सायब," लवू पुटपुटला.

"खोटा बोलतत," दारापाशी उभी असलेली रखमा म्हणाली. "सोमवारी. आयतवारी घराक ऱ्हवले की सोमवारी ह्यांका घास गिळूक जमना नाय. मगे वायच बरा वाटता. हरताळात तर घोड्यासारखे धावी होते."

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "गिरणीत कुठल्या खात्यात?"

"कार्डिंग."

"मग हा धूर नव्हे हो. हा कापूस आहे. त्याच्या धुळीने छाती आवळते, आणि सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त. विलायतेतल्या गिरण्यांत हे ओळखतात. आपल्याकडे कुणी मानत नाही, म्हणून कुणाला दिसतही नाही. मी स्वतः असा पेशंट पहिल्यांदा पाहतोय."

"औषध?" रखमाने विचारलं.

"गोळी देतो, तेवढ्यापुरता श्वास मोकळा होईल. नाकातोंडाला फडकं बांधा. विडी बंद. पण खरं औषध म्हणजे ते खातं सोडायचं. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते वाचवा."

दुसऱ्याच दिवशी लवू मुकादमापुढे उभा राहिला. राजाराम मुकादम पानाची पिचकारी टाकून हसला. "खाता बदली? कायको? तू तर ग्यासवाला ना रे! सगळ्या गिरणगावाला ठाऊक आहे. ग्यास सोडला सरकारने आणि खातं मी बदलू? साहेब मलाच हाकलेल. पहिलं चारचौघांत बोल की ग्यास नव्हता. मग बघू."

चारचौघे रविवारी जमणारच होते. चाळीच्या पटांगणात कमिटीने लवूचाच सत्कार ठेवला होता. "आज सांगा," रखमा सदऱ्याची बटणं लावत म्हणाली. लवूला खानावळीतले पाट दिसत होते. ग्यास नाही म्हटल्यावर लोक काय म्हणणार? कापसाने कोण मरतो? म्हणजे क्षयच. तरीही तो मान हलवून निघाला. आताशा रविवारीही त्याला मोकळा श्वास नव्हता.

गळ्यात झेंडूचा जाड हार पडला. पहिल्या रांगेत राजाराम मुकादम बसला होता.

"मंडळी," लवू म्हणाला. "माज्या छातीत... ग्यास..."

दम तिथेच संपला. 'नाय' हा शब्द ओठांवर आला आणि ओठांवरच राहिला. त्याने मान जोरजोरात हलवली, हात हलवला. कुशाबाने तोच हात धरून वर उचलला. "बघा! बोलवत सुदिक न्हाई गड्याला! मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" पटांगण दणाणलं. रखमा पुढे घुसून ओरडत होती, "ग्यास नाय! कापूस! ऐका रे!" शेजारच्या बायांना वाटलं, बिचारी घोषणाच देतेय. त्यांनी तिच्या सुरात सूर मिळवला. राजाराम मुकादमही टाळ्या वाजवत होता. त्याचे डोळे भरून आले होते.

सोमवारी भोंगा झाला. लवू गिरणीच्या फाटकाशी पोचला तेव्हा मागून कुणीतरी त्याचं मनगट पकडलं. रखमा. डोक्यावर पदर नाही, हाताला पीठ तसंच.

"सोड गे. खाडा लागतलो."

"लागांदे."

"मगे खातलंव काय?"

"ता माका ठावक नाय."

माणसं दोहोंकडून आत चालली होती. "काय रे लवू, बायको सोडत नाय काय?" कुणीतरी खिदळलं. लवूने हात हिसडला. खोकला उसळला, डोळ्यांपुढे काळोख आला. त्याने पुन्हा हिसडा द्यायचं मनात आणलं, पण बायकोच्या मुठीतून मनगट सोडवून घेण्याइतकाही वारा त्याच्या छातीत उरला नव्हता.

फाटक बंद झालं. लवू तिथेच रस्त्याकडेला खाली बसला. रखमा उभीच राहिली, मनगट न सोडता.