आवडाबाईला आणायला गेलेली पायगाडी

कोलशेतच्या मिठागरावरचा धाकू चाळिशीत पायगाडीवर, म्हणजे सायकलवर, बसायला शिकला. मिठागराचा गोरा साहेब विलायतेला परतताना ती त्याला देऊन गेला होता. तेव्हापासून धाकू पुढे पायगाडीवर आणि बायको, आवडाबाई, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन मागे पायी, असं चालायचं. एक दिवस तिने पाटी टाकली आणि कल्याणला माहेर गाठलं.

तिच्या बापाचा, पंढरीचा, निरोप आला. "पोर पायी आली, पायी धाडणार न्हाय. दारात वाहन आणा. आळीनं बघितलं पायजे."

कल्याणात बैलगाडी भाड्याने मिळत होती. पण आमचा शहाणा पायगाडीच घेऊन ठाण्याच्या स्टेशनावर हजर.

तिथला तिकीटबाबू म्हणाला, "चाकं आहेत, म्हणजे गाडी. घोडा कुठाय?"

"घोडा मीच, साहेब."

"मग तुझं तिकीट जनावराचं फाडू?"

मी असतो तर बाबूची पगडी खाडीत गेली असती. धाकूने मात्र तिथेच बसून चाकं काढली, बैठक काढली आणि मीठ वाहतात तशी कावड बांधली.

"आता गाडी न्हाय, साहेब. लोखंड हाय."

लोखंड चढलं. बाबूला हरवल्याच्या तोऱ्यात कल्याणला उतरल्यावर ते जोडायचं धाकूला सुचलंच नाही. कावड खांद्यावर घेऊनच तो सासऱ्याच्या दारात उभा राहिला.

पंढरी म्हणाला, "वाहनावर बसून जावई येतो. हितं जावयावर बसून वाहन आलं."

आळी हसली. धाकूचं तोंड एवढंसं झालं. आता बायको येत नाही, असंच त्याला वाटलं.

आवडाबाई उंबऱ्यात आली. "जोडा," म्हणाली.

त्याने गाडी जोडली. पंढरीने चाकापुढे नारळ फोडला. आवडाबाई पदर खोचून वर बसली, आणि धाकू दोन्ही हातांनी तोल सावरत आळीभर ढकलत निघाला. स्टेशन येईपर्यंत त्याच्या छातीचा भाता झाला.

"पाय दुखतात?"

"दुखतात गं."

"माझे रोज दुखायचे."

स्टेशनावर पुन्हा चाकं निघाली. बैठक आवडाबाईने पदरात बांधून घेतली. ठाण्याला उतरून धाकूने गाडी जोडली आणि हात पुढे केला.

"बैठक दे की."

"देते. पण कोलशेत येईस्तवर मीच बसणार."

अजूनही ती बैठक तिच्या उशाला असते. धाकूला पायगाडी लागली की आधी विचारावं लागतं.